चारचा आकडा कोणी खाल्ला?

आमच्या परीक्षा कार्यालयात कॉम्प्युटर आला, त्याच्यासाठी एसी आला, आणि एसीमुळे आमच्या विभागाला मान आला. नागपूरच्या मे महिन्यात बाकीचं ऑफिस कूलरपुढे घाम पुसत बसायचं आणि काहीतरी निमित्त काढून आमच्या खोलीत डोकावायचं. मी त्या विभागाची प्रमुख होते. हाताखाली कार्डांना भोकं पाडणाऱ्या मुली, एक शिपाई आणि एकुलता एक प्रोग्रामर. मुलांचे गुण भोकांच्या रूपानं कार्डांवर चढायचे, कार्ड रीडर ती भोकं उजेडात वाचायचा आणि प्रोग्राम निकाल छापायचा. बाई प्रमुख आहे हे लोकांना पचायला वेळ लागला. माझी जीभ तिखट होती म्हणून जरा लवकर पचलं, असं माझं मत आहे.

प्रोग्रामर कामठीचा होता. वडील पॉवरलूमवर कामाला, घर छप्पन्न साली बौद्ध झालेलं. रोज बसला लोंबकळत यायचा, पण शर्टाची इस्त्री कधी मोडलेली दिसली नाही. तो अजून प्रोबेशनवर होता आणि दसऱ्याच्या महिन्यात कायम व्हायचा होता. बहिणीचं लग्न त्याच्या कायम होण्यावर अडलंय, हे मला त्यानं नव्हे, पंचिंगच्या मुलींनी सांगितलं.

त्या वर्षी पुरवणी परीक्षेचा निकाल दसऱ्यानंतर लगेच लावायचा होता. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा व्हायची. टाइपरायटर, जीप, पाण्याची मोटर, आणि आता कॉम्प्युटर. पूजेला कार्यालयाचे साहेब स्वतः उभे राहिले. झेंडूचा हार, हळदकुंकू, अक्षता, सगळं यथासांग झालं. नारळ तेवढा मी आरडाओरडा केल्यामुळे बाहेर व्हरांड्यात फुटला. प्रोग्रामर रजेवर होता. दीक्षाभूमीवर बाहेरगावचे लोक लोटतात, त्यांना पाणी पाजायला त्याचं अख्खं घर दरवर्षी जायचं. रजेवर जाण्याआधी सवलतीच्या गुणांचा नवा नियम त्यानं प्रोग्राममध्ये घालून ठेवला होता.

सुटी संपली, आम्ही निकाल छापला आणि पोरं धडाधड नापास निघाली. नापास म्हणजे किती, तर पान उलटावं तिकडे नापासच. साहेबांनी कागद बघितला आणि त्यांचा चेहरा पडला.

"बाई, नवा नियम त्यानंच घातला ना? मग घोळही त्याचाच," ते म्हणाले आणि केबिनमध्ये निघून गेले.

शिपायाला वेगळीच अक्कल सुचली. "मॅडम, तो पूजेले नव्हता ना. म्हून मशीन रुसली."

मी त्याला असं काही झापलं, की तो दोन्ही कान धरून बाहेर गेला. पण त्याच्या तोंडून जे निघालं ते आणखी बऱ्याच जणांच्या मनात होतं, हे मला दिसत होतं, आणि त्याचाच जास्त संताप आला.

प्रोग्रामरनं लांबलचक कागद फरशीवर पसरला आणि ओळीवरून बोट फिरवत उकिडवा बसला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "मॅडम, इथं चारच नाही."

"चार काय?"

"चारचा आकडा. पूर्ण कागदात कुठंच नाही. पंचेचाळीसवाल्याले पाच भेटले, चाळीसवाल्याले शून्य. रोल नंबरातलेही चार गायब आहेत."

मी कार्डं हातात घेऊन पाहिली. भोकं जागच्या जागी होती. मग मी दुसराच एक साधा प्रोग्राम लावला, कार्डावर जे आहे ते तसंच छापणारा. त्यातही चार नाही. प्रत्येक आकड्याच्या भोकाची कार्डावर आपली ओळ असते आणि प्रत्येक ओळीला रीडरचा आपला डोळा. चारचा डोळा मिटलेला होता. ज्याला आपण साप म्हणून धोपटत होतो, ती भुईच होती. मी धावतच साहेबांकडे गेले.

साहेब ऐकायला तयार नव्हते. "परदेशी मशीन आहे बाई. मशीन कशाला चुकेल? चुकतो तो माणूस." त्यांनी कंपनीला मुंबईला ट्रंककॉल लावलेला होता. कंपनीनं सांगितलं, मशीन उत्तम आहे, तुमचा प्रोग्राम तपासा. इंजिनिअर दिवाळीनंतर येईल. तोवर कुणी मशीनचं झाकण उघडलं तर देखभालीचा करार संपला. साहेबांनी फोन ठेवला आणि आवाज मऊ केला. "संध्याकाळपर्यंत मला नोट द्या. त्याला कायम करू नये, असं लिहा. म्हणजे वर सांगता येईल, की दोषी माणूस काढला. निकाल मग हातानं लावू." ते दुष्ट नव्हते. घाबरलेले होते, आणि घाबरलेला साहेब दुष्टापेक्षा कठीण.

दुपारचा डबा मला गेला नाही. नोट लिहिली तर एकटा तो सोडून सगळे सुटत होते, मीसुद्धा. झाकण उघडलं आणि आत काही सापडलं नाही, तर करार गेला, त्याच्यामागे मी गेले. मलाही धरमपेठेत भाड्याचं घर होतं, शाळेतली दोन मुलं होती. मी हे सगळं बसून तोलते आहे, याचीच मला चीड आली. पेन काढलं आणि लिहिलं, दोष यंत्रात आहे, यांना कायम करावे. सही केली, शिपायाच्या हाती नोट केबिनमध्ये पाठवली. मग उठून कूलरवाल्या मिस्त्रीचा पेचकस मागून आणला.

"मॅडम, तुम्ही नका काढू, मी काढतो नं," प्रोग्रामर पुढे झाला.

"तू हात लावलास तर उद्या म्हणतील यानंच बिघडवलं. बस तिथे."

पेच घट्ट होते. पंचिंगच्या मुली मशीन सोडून भोवती गोळा झाल्या. झाकण उचललं तर आत काचेचे बारके डोळे ओळीनं बसलेले, आणि त्यातल्या एकावर कुंकवानं लाल झालेला तांदळाचा दाणा चिकटलेला. आजूबाजूला हळद, कार्डं आत जायच्या फटीतून सांडलेली.

"अवं बाई, अक्षता!" एक मुलगी किंचाळली.

माझा जीव असा भांड्यात पडला, की मी तिथेच खुर्चीत बसले आणि हसत सुटले. मुली हसल्या, दारातून वाकून बघणारा शिपाईही हसला. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. मग दाणा काढला, हळद रुमालानं पुसली आणि कार्डं पुन्हा लावली. कागदावर पहिला चार उमटला तेव्हा मुलींनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात माझी नोट हातात नाचवत साहेब आले. उघडं झाकण बघून त्यांचं तोंड उघडलं, पण मी तळहातावर दाणा ठेवून पुढे केला. दाण्याकडे ते बघतच राहिले. पूजेच्या दिवशी दोन्ही हातांनी अक्षता त्यांनीच उधळल्या होत्या, हे तिथे प्रत्येकाला माहीत होतं.

"मी तर देवाचं नाव घेऊन टाकल्या होत्या," ते हळूच म्हणाले.

"देवापर्यंत पोचल्या नाहीत साहेब. मधेच मशीननं घेतल्या."

क्षणभर वाटलं, गेली आपली नोकरी. पण साहेबांच्या खांद्यांवरचंही ओझं उतरलं असावं. ते फसकन हसले, रीडरच्याच कडेवर नोट ठेवून तिच्यावर मंजुरीची सही केली आणि म्हणाले, "झाकण लावा. आणि हे बाहेर जाऊ देऊ नका." चहाच्या वेळेपर्यंत सगळ्या ऑफिसला कळलं होतं.

प्रोग्रामर मात्र हसला नव्हता. सगळे पांगल्यावर तो माझ्या टेबलाशी आला.

"मॅडम, तांदूळ नसता निघाला तं?"

या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी नशिबानं देता येत होतं, म्हणूनच आजही ते आठवताना बरं वाटतं. मी म्हटलं, "तुला कायम करायची नोट मी पेचकस आणण्याआधीच पाठवली होती. विचार शिपायाला."

सकाळपासून पहिल्यांदा त्याचा चेहरा सैल झाला.

"मंग मी उगाच भेऊन राहिलो होतो ना," तो म्हणाला आणि कामठीची बस धरायला निघाला.