वन्सं कधी बसल्या?

वन्संना जाऊन दीड महिना होत आला, आणि माझा पाय एका जागी ठरत नाही. स्वयंपाकघरातून ओसरीत, ओसरीतून परसात... उगाच. दुःख आहेच, पण त्याहून राग जास्त आहे. तेराव्याला लालमती गावाहून आलेल्या एका पाहुण्यानं यांना विचारलं, "तुमची बहीण काय करायची?" आणि हे सहज म्हणाले, "काही नाही, आक्का घरीच बसायची." माझ्या हातातला चहाचा ट्रे मी तिथंच आपटला. सख्ख्या भावानं असं म्हणावं? तेव्हापासून मी यांच्याशी कामापुरतंच बोलत होते.

कारण या 'बसण्या'वरूनच तर माझं आणि वन्संचं जुळलं. माएबूर्गजवळच्या हॉटेलातली टेलिफोनवरची नोकरी मी मुलांसाठी सोडली होती. धाकटा शाळेत जायला लागला, तसं मला घर खायला उठलं. दुसऱ्या एका हॉटेलात मुलाखतीला गेले. साहेबानं इथल्या क्रेओल बोलीत विचारलं, "इतकी वर्षं काय केलंस?" आपण मराठीत म्हणतो तेच मी क्रेओलमध्ये ठोकून दिलं, "मो ती आसीझ लाकाझ." घरी बसले होते! क्रेओलमध्ये त्याचा अर्थ खुशाल बूड टेकून बसणं. साहेब खो खो हसला. "मग उठलीस कशाला, मादाम?" म्हणाला. मी रडत घरी आले. वन्सं, म्हणजे यांची थोरली विधवा बहीण, माझ्या आजारी सासूबाईंसाठी इस्पितळातली नोकरी सोडून आमच्याकडे येऊन राहिल्या होत्या. सगळं ऐकून त्या कडाडल्या, "बसलीस? कधी गं बसलीस? मला तर कधी दिसली नाहीस!"

आणि लगेच यांचा लग्नातला कोट लुगड्यावर चढवून ओसरीतल्या खुर्चीत पाय पसरून बसल्या. आवाज घोगरा केला, "हं मादाम, बोला." मी हसले तर खेकसल्या. रोज तेच. घर चालवलं, आजारी माणूस सांभाळलं, दोन पोरं शाळेला लावली, हे सगळं मला खाली न बघता म्हणता यायला लागेपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही. नोकरी मिळाली. मग शेजारीण आली, तिची जाऊ आली, पार दक्षिणेकडच्या सुरिनाम गावाहूनसुद्धा बायका यायला लागल्या. तेव्हा शिवणकामाचे कारखाने निघत होते, बायका हव्या होत्या. शनिवारी दुपारी ओसरी भरून जायची. वन्संची अट एकच. मूल आत कुणाकडे तरी द्यायचं, आणि ते रडलं तरी मान वळवायची नाही. "आईचं लक्ष कुठं आहे ते साहेबाला बरोबर कळतं गं. रडू दे. माझ्याकडे बघ." बाईची उत्तरं संपली रे संपली की आत धावायच्या मात्र त्याच, कोटासकट.

मी एकदा विचारलं, "वन्सं, तुम्ही का नाही जात परत इस्पितळात?"

"मी गेले तर तुझी पोरं कोण बघणार?" म्हणाल्या, आणि पुढच्या बाईवर ओरडल्या, "मान वर!" मी पुन्हा विचारलं नाही.

गेल्या शनिवारी दारात एक तरणी बाई उभी, कडेवर मूल. वन्सं गेल्याचं तिला ठाऊकच नव्हतं. सोमवारी कारखान्यात बोलावलंय म्हणाली. मी सांगायला तोंड उघडलं आणि मुलानं भोकाड पसरलं. हे आतून आले, त्यांनी मूल घेतलं. मग खुंटीवरचा कोट काढून माझ्यापुढे धरला.

"आक्काचं काम आहे ते," म्हणाले. "अडायला नको."

कोट मला ढगळ होतो. वन्संनाही व्हायचा. बाह्या दुमडून खुर्चीत बसले, आवाज घोगरा केला. "हं मादाम, इतकी वर्षं काय केलंत?"

"काही नाही," ती म्हणाली, "घरी बसले होते."

आत मूल रडत होतं आणि हे त्याला घेऊन येरझाऱ्या घालत होते... तिनं मान वळवली नाही. वळवली ती मीच.