साडेदहाच्या जागी पाच

भवानीनगरात पंपाची मोटर जळाली की लोक गोकुळतात्याकडं जातात, आणि तात्यानं बांधलेली मोटर जळाली की पुन्हा तात्याकडंच जातात. याला तात्या गिऱ्हाइकांचा विश्वास म्हणतो. त्यानं जोडलेला पंप मधेच बंद पडत नाही, अशी त्याची ख्याती. पडणार कसा? फ्यूजच्या जागी तो अशी जाड तार घालतो, की मोटर जळेल पण तार वितळणार नाही. उसाला पाणी मिळतं, शेतकरी खूश. पुढं मोटरीतून धूर निघाला की तात्या ती हुंगतो आणि निकाल देतो, "लाइटीचा दाब कमी-जास्त झाला." दाब बिचारा खुलासा करायला येत नाही.

या माणसानं गेल्या वर्षी मोबाइलवर बघून लाकडावर नक्षी कोरणारं यंत्र घरीच बनवलं. लेक स्वरूपा माळेगावात दिलेली, तिचं नवं घर उभं राहत होतं. तिच्या सासूला, प्रयागबाईंना, तात्यानं भर बैठकीत शब्द देऊन टाकला, "दार आमच्याकडनं. सागवानी. त्यावर दोन मोर."

"बघू," प्रयागबाई म्हणाल्या.

त्या 'बघू'त काय काय असतं ते स्वरूपाला ठाऊक होतं. तिनं बापाला बाजूला घेतलं. "तात्या, येळेत आन नीट द्या. न्हायतर मला जलमभर ऐकावं लागंल."

यंत्राच्या मोटरी स्टेपर जातीच्या, म्हणजे मोजून पावलापावलानं फिरणाऱ्या. त्यांना झेपेल एवढाच करंट जावा म्हणून वाटेत रेझिस्टर बसवायचा असतो. मोटरीवर लिहिलं होतं तीन व्होल्ट, दोन अँपिअर. पुरवठा चोवीस व्होल्टचा. चोवीसातून तीन गेले, उरल्याला दोननं भागलं, साडेदहा ओहम आले. तात्याला गणित येत नाही असं कुणी म्हणू नये. गणित अचूक आलं, फक्त ते तात्याला पटलं नाही.

दाराची फळी घेऊन आलेला खाजाभाई सुतार म्हणाला, "साडेदहा आलं ना? मग साडेदहाचाच घाला की."

"खाजा, वाटंत बांध घातल्यावर शेवटच्या सरीला पाणी पोचतंय व्हय?" असं म्हणून तात्यानं पाच ओहमचे रेझिस्टर बसवले.

पहिला मोर झकास उतरला. तात्यानं त्याचा फोटो झाडून सगळ्या पाहुण्यांना पाठवला आणि तो चहाला गेला. इकडं मोटर तव्यासारखी तापली आणि पावलं चुकवू लागली. यंत्राला ते कळत नाही, ते आपलं इमानेइतबारे पुढं कोरत राहतं. तात्या परतला तेव्हा दुसऱ्या मोराची मान पिसाऱ्यातून निघाली होती. नक्षी इतकी खोल, की खाजाभाईनं रंधा हातात घेतला आणि तसाच परत ठेवला. दुसऱ्या दिवशी वास्तुशांत होती. तेच दार बसलं.

प्रयागबाईंनी मोर डोळे भरून पाहिला. मग पंगतीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "सुनंच्या माहेरची वस्तू. पयल्याच दिवशी असला अपशकुन. हिचा पायगुणच तसला."

स्वरूपा खाली मान घालून भात वाढत राहिली. पंगतीतली निम्मी माणसं तात्याची गिऱ्हाइकं होती. दाबाचं वाक्य तात्याच्या ओठावर आलंच होतं, पण लेकीचे भरलेले डोळे दिसले आणि त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. तो ताटावरून उठला.

"पोरीचा काय दोष न्हाय. दाबाचा बी न्हाय. गणित साडेदहाचं आलं हुतं, मीच पाच घातलं. जादा करंट सोडला म्हून मोटर तापली आन मोर बिघडला."

स्वरूपानं पहिल्यांदा मान वर केली.

सांगवीच्या अप्पाचा घास मात्र हातातच राहिला. त्याची मोटर तात्यानं नुकतीच दुसऱ्यांदा बांधून दिली होती. "तात्या," तो सावकाश म्हणाला, "मग आमच्या मोटरीला काय झालं हुतं?"

पंगतीत सगळ्यांचंच जेवण थांबलं.