जळकोटचा हॉर्न

एसटी चुकली म्हणून नळदुर्गला एका ट्रकवाल्यानं मला गाडीत घेतलं. वेगाचा काटा बंद होता. तो मोबाईलवर वेग बघायचा. मी मास्तर आहे कळल्यावर म्हणाला, "सर, आभाळातनं ह्याला कसं कळतं?"

"गाडी जवळ येताना हॉर्न चढा ऐकू येतो, पुढं गेली की उतरतो. वेग जास्त, तर फरक जास्त. उपग्रहांच्या लहरींतला असाच फरक मोबाईल मोजतो."

तो खुदकन हसला. "मंग आमची माय बी तेच करती! जळकोटला रोडलगत घर हाय. हॉर्नवरनं वळखती आन् फोन करती, 'लई पळवतोस.'"

जळकोट आलं तसा त्यानं वेग कमी केला, हॉर्न दाबला आणि कान टवकारले. फोन वाजला नाही.

"सर, आज पास!"

न वाजलेल्या फोनवर इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.