रानतुरीची ओळख
परवा घाटकोपरला एका कुंपणावर वाटाण्याच्या फुलांसारखी पिवळी फुलं दिसली आणि मी थांबलेच. कॉलेजात असताना ही वेल मला मुलुंडला, आमच्या सोसायटीमागच्या उतारावर सापडली होती. तीन-तीन पानं, केसाळ शेंगा, चुरगळलं की हिरवट वास. पण नाव काही कळेना. शेजारचे काका सोसायटीचे सेक्रेटरी होते. रोज सकाळी ते माझ्यासोबत यायचे, माझं भिंग हातात धरून उभे राहायचे. महिनाभराने पुस्तकात खुणा जुळल्या तेव्हा मी ओरडलेच, "काका, रानतूर! आपल्या तुरीची रानातली बहीण. वाळली तरी दरवर्षी मुळातून परत फुटते." "झकास!" काका म्हणाले. "दुर्मीळ आहे का गं?" "नाही हो, सगळीकडे सापडते," मी खरं ते सांगितलं. त्या रविवारी मीटिंगमध्ये उतार सपाट करून पार्किंग करायचा विषय निघाला. मी वेलीसाठी बोलायला उठले, तर काका सगळ्यांकडे वळून हसले. "ही वेल सगळीकडे सापडते, हे हिनेच सांगितलंय. आणि मुळासकट उपटा, नाहीतर परत फुटेल, तेही हिच्याकडूनच कळलं." सगळे हसले. टेबलावरच्या पार्किंगच्या नकाशावर तारीख होती, दोन महिन्यांपूर्वीची. म्हणजे पहिल्या सकाळपासून त्यांना ठाऊक होतं. चार दिवसांत जेसीबी आला. काका जिन्यात भेटत राहिले, "काय म्हणतेस?" विचारत राहिले, मी मान खाली घालून पुढे जायची. आज मी मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवते, पण एखाद्या मोठ्या माणसाने प्रेमाने रोपाचं नाव विचारलं, की उत्तराआधी माझ्या तोंडून निघतं, "कशाला हवंय?"