शर्यतीच्या आदल्या रात्रीची जागा

कुठलीही खोली बघायला गेले की गेणभाऊ मास्तर उंबऱ्याबाहेर थांबत आणि आधी एकच विचारत, "किल्ली कुनाकडं ऱ्हाती?" भाडं नंतर, पाणी नंतर, संडासाची रांग त्याच्याही नंतर. किल्ली ज्याच्याकडे असते तो गावाला गेला तर मग कुणाकडे? आणि तो दुसराही गेला तर? समोरचा वैतागून म्हणे, "अहो मास्तर, एका रात्रीसाठी एवढी चौकशी?" मास्तर तिन्ही नावं डायरीत लिहून घेत, मग चपला काढून आत जात आणि खाकी गणवेशातच फरशीवर आडवे होत. पाच मिनिटं डोळे मिटून, इथे झोप लागेल का ते बघत. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस चक्कर येऊन पडला.

गेणभाऊ पिंपरी पेंढारचे. एसटीत कंडक्टर, म्हणून मास्तर. ओतूर आणि माळशेज घाट करत मुंबईला जाणाऱ्या गाडीवर त्यांची वर्षानुवर्षं ड्यूटी. आमच्या जुन्नर-आंबेगावातल्या कुणालाही मुंबईत रात्र काढायची वेळ आली, मग दवाखाना असो की नोकरीची परीक्षा, तर जागा बघून द्यायची ती गेणभाऊंनीच. पण त्यांचा खरा जीव गुंतलेला होता तो मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये. डोंगराकडची आमची पोरं पळायला काटक. मोठ्या शर्यतीत नंबर काढला की पोलिसात नाहीतर मिलिटरीत भरती सोपी होते, अशी तेव्हा सगळ्यांची समजूत. शर्यत भल्या पहाटे सुरू होणार, म्हणजे आदल्या रात्री तिथे मुक्काम हवाच. शर्यत जिथून सुटे त्या मैदानाजवळचे लॉज परवडत नसत आणि परवडणारे इतके लांब, की पहाटे तिथून वेळेवर पोचण्याची खात्री नसे. यातून गेणभाऊ वाट काढत. जागा मैदानापासून अर्ध्या तासाच्या चालीवर पाहिजे आणि जिना एकच पाहिजे. "पळून आल्याव दुसरा जिना मंजी शिवनेरीच," असं ते म्हणत. मग स्वतः ते अंतर चालून बघत, रस्ता कुठे खणलाय, कुठे कुत्री अंगावर येतात, सगळं पोरांना सांगत.

मी त्यांना भेटले ते नव्वदचं दशक सरता सरता. मी शिनोलीची, बारावीत होते. शाळेच्या सरांनी माझं नाव शर्यतीला दिलं आणि घरात रण माजलं. शेवटी वडील मला घेऊन आळेफाट्याच्या स्टँडवर गेणभाऊंपुढे उभे राहिले. म्हणाले, "मास्तर, पोरगी पळती बरी. पन तिला मुंबईत निजवायची कुठं?"

गेणभाऊंनी हातातला तिकिटांचा ट्रे खाली ठेवला. "पावणं, पळायचं काम पोरीचं. निजवायचं माझं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पळनारा आदल्या रातीच जिततो नायतर हारतो, बाय. सकाळी नुसता निकाल लागतो."

पोरांची सोय सोपी होती. आमच्याकडच्या बऱ्याच गावांची मुंबईत गावकीची एक खोली असे. गिरणीत, गोदीत, बाजारात काम करणारे गावचे पुरुष तिथे राहत. प्रत्येकाची एक ट्रंक आणि अंथरुणापुरती जागा. एक पाळी कामावर गेली की दुसरी येऊन झोपायची, त्यामुळे खोली कधी रिकामी नसे. पण तिथे बाईमाणसाला मज्जाव. म्हणून गेणभाऊंनी मला त्याच चाळीत, पिंपरी पेंढारच्या खोलीच्या बरोबर खाली, ठकूमावशीच्या खाणावळीत उतरवलं. मावशी डिंगोऱ्याची, विधवा. वरच्या खोलीतली सगळी माणसं तिच्याकडे जेवायची. तिच्या दाराशीही गेणभाऊंनी किल्ली विचारली, आणि दर खेपेला तोच प्रश्न ऐकत असूनही तिने निमूटपणे उत्तर दिलं. मांडणीतल्या भांड्यांपाशी मला अंथरूण घालून दिलं. मी गाढ झोपले.

शर्यत मी पुरी केली. नंबर आला नाही, पण आमच्या तालुक्यातली कुणी मुलगी तोवर तिथे पळालीच नव्हती, त्यामुळे मी हवेत होते. गेणभाऊ शेवटच्या रेषेपाशी उभे होते. मी धापा टाकत त्यांच्यापुढे गेले. "शाब्बास," असं ते म्हणाले खरं, पण नजर माझ्या डोक्यावरून मागे रस्त्यावर. माझ्यामागून लंगडत, चालत येणारा एकेक पोरगा ते डोळ्यांत तेल घालून निरखत होते. पार शेवटचा माणूस आला, रस्त्यावरच्या दोऱ्या काढायला लागले, तरी हलेनात. मला खूप राग आला. एवढं कौतुक करून आणलं आणि वळूनही बघत नाहीत!

दुपारी मावशी माझ्या पायांना तेल लावत होती तेव्हा मी तो राग तिच्यावर काढला. ती म्हणाली, "त्याला बोल नगं लावू. त्याचा भाऊ हारवलाय."

मग तिने सांगितलं. गेणभाऊंचा धाकटा भाऊ मारुती, विशीतला. आठ-नऊ वर्षांपूर्वी तो याच शर्यतीला यायचा होता. शर्यतीच्या त्याच दिवशी गावात दहावा होता, वरच्या खोलीच्या कारभाऱ्याचा. या म्हाताऱ्याने चाळीस वर्षं ती खोली सांभाळलेली. एरवी दहाव्याला निम्मे जात, निम्मे मागे राहत. याच्या दहाव्याला खोलीतले झाडून सगळे निघाले. गेणभाऊंच्याच गाडीत बसले. गेणभाऊंनी स्वतःच्या हातांनी चौदा तिकिटं फाडली. आणि दुसऱ्या दिवशी मारुतीला मुंबईच्या गाडीत बसवताना त्याला सांगितलं, "सरळ खोलीव जा. आपलीच मानसं हायती." आईने भाकरी बांधून दिली, शेजारी वेशीपर्यंत सोडायला आले, मारुती स्वतः शहाणा पोरगा, पण एकाच्याही डोक्यात आलं नाही की सगळी माणसं तर इथेच आहेत. त्या खोलीला कुलूप लागतं हेच कुणी कधी पाहिलं नव्हतं.

मारुती पोचला तर दाराला कुलूप. तो परत आला नाही. शर्यतीत त्याच्या नंबरचा बिल्ला कुणी नेलाच नव्हता. गेणभाऊंनी पोलीस चौक्या, दवाखाने, शवागारं, धर्मशाळा सगळं पालथं घातलं. ना माणूस, ना पिशवी.

एवढं सांगून मावशी थांबली. माझी टाच तिच्या हातात तशीच राहिली. "सगळ्यांना येवढंच म्हाईत हाय," ती म्हणाली. "पन तो कुलूप बघून गेला न्हाई, बाय. तो खाली आला. दिवेलागन झालती. मी वाढलं त्याला. दोन भाकरी खाल्ल्या, ताट धुतलं. मंग म्हनला, मावशी, हितं भांड्यांपाशी पडू का? फाटंचा जातो. चाळीत आपलं मानूस कुनी न्हाई, मी एकली रांडमुंड बाई. म्हनलं, नगं रं बाबा, लोक काय म्हनतील. तर हासला. म्हनला, ऱ्हाऊ द्या मावशी, मैदानातच पडतो. अन् मी दार लावलं. आतनं कडी घातली."

मी विचारलं, "मास्तरांना सांगितलंत?"

"कोंच्या तोंडानं सांगू? तू बी सांगू नगंस. माज्या गळ्याची शप्पत हाय तुला."

सतरा वर्षांच्या मुलीला असलं काही सांगू नये. तिला सांगितल्याशिवाय राहवलं नाही हे मला आज कळतं, तेव्हा मी तिच्यावर नुसती चिडले. आणि ज्या जागेवर मी सुखाने झोपले होते ती जागा त्याने मागितली होती, या विचाराने मला तिथून उठून पळावंसं वाटलं.

पण पळून जाणार कुठे? मी आणखी दोनदा शर्यत पळाले, मग घोडेगावात शाळेत खेळाची शिक्षिका झाले, आणि दर वर्षी दोन-तीन मुली घेऊन पुन्हा त्याच मावशीच्या दारात उभी राहू लागले. शहर महाग होत चाललं होतं. मॅरेथॉनच्या आठवड्यात तर लॉजवाले दुप्पट भाव सांगत. आम्हाला दुसरी जागा नव्हती. मुली भांड्यांपाशी झोपत आणि मी कडीकडे बघत पडून राहत असे. कुणी दार वाजवलंय असं हमखास वाटायचं. एकदा उठून उघडलंही होतं. बाहेर कुणी नव्हतं. वळून पाहिलं तर मावशी अंथरुणात बसलेली, डोळे टक्क उघडे. "मला बी वाटलं," एवढंच ती म्हणाली.

गेणभाऊ त्या काळात रिटायर झाले, तरी शर्यतीला यायचे. मोबाइल आले, तिन्ही किल्लीवाल्यांचे नंबर त्यांच्या डायरीत चढले. शेवटच्या रेषेपाशी ते तसेच उभे. मारुती जिवंत असता तर चाळिशीला टेकला असता, पण गेणभाऊ बघत ते वीस वर्षांच्या पोरांकडेच. चाळिशीचा माणूस समोरून गेला तर त्यांची पापणी हलत नसे. मला ते बघवायचं नाही. माझ्या तोंडात एक वाक्य होतं आणि ते मी दर वर्षी गिळत होते.

मग त्यांना दम्याने गाठलं. पिंपरी पेंढारला भेटायला गेले तेव्हा ओट्यावरच्या बाजेवर उशीला टेकून बसले होते. गडी पार वाळला होता. मी मनाशी पक्कं केलं, शप्पत गेली खड्ड्यात, हा माणूस स्वतःला दोष देत मरायला नको. मी म्हणाले, "मास्तर, मारुतीचं एक सांगायचंय. ठकूमावशी..."

"जेवू घातलं व्हतं तिनं त्याला," ते म्हणाले. "दोन भाकरी."

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"शोधाया गेलो तवाच समोरच्या किराणावाल्यानं सांगितलं, तुमचा भाऊ रातचा खानावळीतनं भाईर पडला, दोन भाकरी जेवलो म्हनला. मंग पुढचं सांगाया लागतं व्हय?" त्यांना धाप लागली. जरा वेळाने म्हणाले, "दोन वर्सं त्या चाळीत पाय न्हाई टाकला मी. लई राग व्हता. मंग एकदा गेलो तर बाई निम्मी झालेली. वरचे लोक म्हनले, तिला झोपच लागत न्हाई. माज्या गाडीत त्या दिशी एका पेशंटची बायकू व्हती. तिला नेली अन् मावशीच्या दारात उभी केली. म्हनलं, हिला रातची जागा पायजे. मावशी हो म्हनली अन् ढसाढसा रडली. त्या राती झोपली म्हनं. तवापास्नं नेतोय कुनाला ना कुनाला. हो म्हनाया मिळालं की तिचं दोन-चार म्हैनं बरं जातंय."

"आणि तुम्ही तिला कधी काहीच विचारलं नाही?"

"काय इचारू? तिनं एक दार लावलं. मी चौदा तिकिटं फाडली."

मी रडत होते. विचारलं, "मावशीला सांगू का, की तुम्हाला माहीत आहे?"

ते एकदम ताठ झाले. "आजाबात न्हाई. तिला वाटंल, येवढी वर्सं ह्यो मानूस माजी परीक्षाच घेत व्हता." मग सुनेला हाक मारून त्यांनी गोळ्या मागितल्या आणि मला म्हणाले, "ऊन उतरायच्या आत निघ. घोडेगावची गाडी चुकंल."

उन्हाळ्यात ते गेले. दहाव्याला नदीकाठी ही गर्दी. ज्यांची ज्यांची रात्रीची सोय त्यांनी कधी ना कधी केली होती, ते सगळे आलेले, त्यातले दोघे पोलिसाच्या वर्दीत. घाटावर कुजबुज चालली होती, की भावाची आस राहिली, आता कावळा काही शिवायचा नाही. पण पिंड ठेवून माणसं चार पावलं मागे सरली नाहीत तोच कावळा शिवला. लोक एकमेकांकडे बघत राहिले.

ठकूमावशी मुंबईहून जीप करून आली होती. गर्दी पांगल्यावर ती माझ्याजवळ येऊन पायरीवर बसली. पाण्याकडे बघत, अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "मास्तरला कदी काय कळलं व्हतं का गं?"

"नाही, मावशी," मी म्हणाले.

तिने सुस्कारा सोडला. तो सुटकेचा होता की कसला, ते मला आजही सांगता येणार नाही. पदराने तोंड पुसून ती म्हणाली, "मंग आता जानेवारीत शर्यतीला कसं? कुनी यायचं हाय का माज्याकडं?"

"चार मुली आहेत," मी म्हणाले. त्या वर्षी माझ्याकडे एकही मुलगी तयार नव्हती.