दादाचे निळे चौकोन

आमचा दादा कामचुकार आहे असं मी म्हणत नाही. कारखान्यात तो कामाला वाघ आहे. चुकवायचं असतं ते फक्त घरचं. लहानपणी पाणी भरायची वेळ झाली की याच्या पोटात दुखायचं. वडील दवाखान्यात होते तेव्हा याला ओव्हरटाइम लागला, तो ते गेल्यावरच संपला. वहिनी कंटाळून माहेरी गेली ती परत आलीच नाही, तर "तिला माझ्या नोकरीची कदर नाही" असं हाच वर सांगत फिरला. बिस्किटांच्या कारखान्यात तो भट्टीवर असतो. अंगाला भाजलेल्या साखरेचा वास येतो, आणि बोलणंही तसंच गोड.

आई पडली, मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. दोन वेळा इन्सुलिन, उठायला-बसायला हात द्यावा लागतो. मी दवाखान्यात एक्स-रे काढते. त्याच्यासारख्याच माझ्याही ड्यूटीच्या पाळ्या वेड्यावाकड्या. कोणी रजेवर गेलं की सलग दोन. म्हणून मीच मोबाइलवर दोघांचं मिळून एक कॅलेंडर केलं. माझी ड्यूटी पिवळी, त्याची निळी. ज्याचा चौकोन रिकामा, त्याने आईला बघायचं.

"झकास! डोकं आहे बाई तुला," दादा म्हणाला. त्यानंतर त्याचा चौकोन एकदाही रिकामा दिसला नाही. मी शेजारणीच्या हातापाया पडून दिवस काढत होते.

मग दवाखान्यात नवीन मशीन आलं. ते शिकायला आठवडाभर परगावी जायचं, आणि शिकून येईल त्याला कायम करणार. इतकी वर्षं मी कंत्राटावर काढलेली. हे हुकलं तर पुन्हा कोण विचारतंय? मी दादाला फोन केला.

"अगं, आठवडाभर रात्रपाळी आहे. कॅलेंडर बघ ना, निळं आहे."

"कोणाशी तरी बदलून घे."

"भट्टी आहे ती! तुझ्यासारखे फोटो नाही काढत मी."

कॅलेंडर उघडलं. निळंच होतं. रागारागाने पुढे सरकवत गेले. पुढचा महिना निळा, पुढचं वर्ष निळं. एक आठवडा सकाळ, मग दुपार, मग रात्र, सगळं गिरवून काढल्यासारखं एका ओळीत. त्यांच्या पाळ्यांचा तक्ता तर सुपरवायझर दर आठवड्याला ऐनवेळी टाकतो. त्याच्या नावाने हा कायम बोंबलत असतो. म्हणजे या पठ्ठ्याने एकदाच नोंद केली आणि ती कायम पुन्हा येत राहील अशी सोय लावून मोकळा झाला. सुट्टीचा दिवस घालायचंही सुचलं नाही. मी त्याच्या निवृत्तीच्या पुढच्या वर्षात जाऊन पोचले, तिथेही साहेब रात्रपाळीला!

कारखान्याच्या गेटवर फोन लावला. वॉचमन म्हणाला, "भट्टी दुरुस्तीला काढलीय. पुढचा आठवडा सगळे घरी."

रविवारी दुपारी आईला टॅक्सीत घातलं आणि त्याच्याकडे नेलं. वाटभर तिचं एकच, "कशाला त्या बिचाऱ्याला त्रास?"

तळमजल्यावरचं दार दादाने उघडलं. हाफ पँट, हातात रिमोट, आत मॅच चालू. आमच्याकडे बघून त्याची बोबडीच वळली.

"अगं... निघतच होतो कामावर."

"हाफ पँटवर? भट्टी बंद आहे, दादा. गेटवर विचारलं मी."

आईने त्याच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, आतल्या टीव्हीकडे पाहिलं. मग वॉकर वळवायला लागली.

"चल गं परत," ती मला म्हणाली, "त्याला उशीर होतोय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिला कळलं नव्हतं असं थोडंच आहे? सगळं कळलं होतं. आजवर त्याच्यावर पांघरूण घालत आली ती हीच, आणि मला गृहीत धरणारीही हीच. त्या क्षणी मला दादापेक्षा आईचाच जास्त राग आला.

मी तिची बॅग उंबऱ्याच्या आत ठेवली आणि इन्सुलिनची पिशवी त्याच्या हातात कोंबली. "फ्रीजमध्ये ठेव. किती द्यायचं ते आत लिहिलंय. पुढच्या रविवारी येते."

"अगं पण..." दादा म्हणाला. मी थांबले नाही.

फाटकापर्यंत पोचले तरी आईने मला हाक मारली नाही. ती त्याला विचारत होती, "काही खाल्लंस का रे?"