पावतीच्या तळाचा शब्द

ती अंगठी मी मुद्देमालात जमा करून घेतली, तो दिवस अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

नव्वदच्या दशकात मी जालन्यात फौजदार होतो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. गावच्या गुरुजींनी शाळा सुटल्यावर बसवून इंग्रजी शिकवलं, म्हणून अंगावर वर्दी आली. ते उपकार मी विसरलेलो नाही. त्या इंग्रजीचा या प्रकरणात काय उपयोग झाला, ते पुढे येईलच.

फिर्यादी कुंभार पिंपळगावचे चांगले बागायतदार. लग्नात जावयाला हिऱ्याची अंगठी घातली होती. ती सैल होत होती म्हणून जावयाने जालन्यातल्या मस्तगडच्या एका कारागिराकडे लहान करायला दिली. परत आली तेव्हा खडा दुधाळ झालेला, आत भेगा. "काच देऊन फसवलं," म्हणत सासरच्यांनी मुलीला माहेरी आणून सोडलं.

"खडा बदलला त्यानं, साहेब," फिर्यादी म्हणाले. "चोर धरून द्या, मंग माझी पोरगी नांदायला जाईल. न्हाई तर ती माझ्या दारातच राह्यली समजा."

मुलगी मागे उभी होती.

मी विश्वासघाताचा गुन्हा नोंदवला. खरेदीची पावती घेतली, वाचली, वजन आणि किंमत जबाबात उतरवली आणि पावती फाईलला लावली.

तिसऱ्या दिवशी खबऱ्याने सांगितलं, कारागीर दुकानाला कुलूप लावून बायकोसह गाव सोडतोय. बसस्टँडवरच उचलला. बायकोचे दिवस भरत आले होते, तिला माहेरी पोचवायला निघालो होतो, असं तो म्हणाला. आम्हाला तो बहाणा वाटला. ठाण्यात काही वर्षं काढली की खरं सांगणाराही बनेल वाटायला लागतो.

अटक दाखवली नाही. स्टेशन डायरीत नोंद न करता त्याला 'चौकशीला बसवलं'. तेव्हा असं चालायचं. चालायचं म्हणून ते बरोबर नव्हतं.

"अंगठीला आच दिली अन् खडा पांढरा पडला, साहेब," तो सांगत होता. "हिरा असा पडत न्हाई. मला बी कळून न्हाई राह्यलं."

"आगीनं हिऱ्याला काय होतंय रे?" आमचे हवालदार म्हणाले. "का आता तू आमची शाळा घेतो?"

मी हसलो आणि खोलीबाहेर गेलो. साहेबाने बाहेर जाणं म्हणजे परवानगी, हे हवालदारांना माहीत होतं आणि मलाही. दोन दिवस उजव्या हातावर पट्टा बसत राहिला. त्याने कबुली दिली नाही.

खडा काचेचा आहे, असं पंचांसमोर लिहून घ्यावं म्हणून जुन्या जालन्यातले एक म्हातारे पारखी बोलावले. फिर्यादीही हजर होते. पारख्यांनी खडा अंगठीतून काढला, तोलला आणि बराच वेळ भिंगाखाली धरला.

"हिराच आहे," ते म्हणाले. "वजन बराबर पावतीवरचंच. काच बसवली असती तर ह्या आकाराला हे वजन आलंच नसतं. पण हिऱ्याला भेगा होत्या. त्यात काचेसारखं भरण घालून साफ दाखवलाय. आच लागली की ते भरण बिघडतं."

"मग इतका मोठा खडा ह्यांना परवडला कसा?" मी विचारलं.

"मोठा म्हणूनच महाग असतो का, साहेब? रंग बघायचा. पैलू कसे पाडलेत ते बघायचं. आत डाग, भेगा किती ते बघायचं. ह्याच वजनाचा साफ खडा असता, तर किंमत ऐकून हे दुकानातून उठले असते. पावती दाखवा बरं."

पावतीच्या तळाशी बारीक इंग्रजी अक्षरांत एक शब्द होता, 'ट्रीटेड'. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. "लिहून दिलंय की. प्रक्रिया केलेला."

फिर्यादीला इंग्रजी येत नव्हतं. मला येत होतं. पहिल्याच दिवशी तो शब्द मी वाचला होता आणि सोडून दिला होता.

फिर्यादी बाकावर बसले. "ज्वारी घेताना बी दाणा दाताखाली फोडून बघतो आम्ही. हिऱ्याचं नुस्तं वजन इचारलं. चार लोकांत मोठा दिसला पाह्यजे, बस." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हंजे, चोर कोणीच न्हाई?"

गैरसमजुतीतून गुन्हा दाखल झाला म्हणून कोर्टात 'क' समरी, म्हणजे प्रकरण बंद करायचा अहवाल, पाठवली. पारख्यांचा जबाब घेऊन मी स्वतः मुलीच्या सासरी गेलो. तिचे सासरे म्हणाले, "खरा असंल हो. पण हलकाच दिला ना?" मुलीला त्यांनी नेलं नाही.

कारागिराला सोडलं तेव्हा त्याची बायको सरकारी दवाखान्यात एकटीच बाळंत झाली होती. त्याच्या उजव्या हाताची बोटं पुन्हा नीट वळली नाहीत. त्याने तक्रार केली नाही, आणि मी ती घ्यायला कोणाला सांगितलंही नाही.

पुढे माझ्या मुलीच्या लग्नात घरच्यांनी हिऱ्याच्या कुड्यांचा हट्ट धरला. दुकानदाराकडून मी त्या दाखवायला म्हणून आणल्या आणि मस्तगडला गेलो. तो कारागीर त्याच दुकानात होता. बारीक काम त्याची मुलगी करत होती.

"ह्या घ्याव्यात का? तूच सांग," मी म्हणालो.

त्याने डाव्या हाताने भिंग उचललं, कापडाने पुसलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"तुम्हीच बघा, साहेब," तो म्हणाला. "माझ्या बोलण्यावर तुमचा भरवसा कुठं होता?"

मी भिंग डोळ्याला लावलं. मला काहीच दिसलं नाही. पोलीस खात्यात मी खूप शिकलो, पण इतक्या उशिरा शिकलेला धडा दुसरा नाही. हातात आलेला कागद तळापर्यंत वाचायचा, आणि समोरचा माणूस सांगतोय ते खरं असू शकतं, एवढं धरून चालायचं. कुड्या मी परत केल्या. त्याच्या बोटांचं मात्र काही करता आलं नाही.